आळ्या मेल्यावर कोण फवारतं?

कपाशी नुसती बघून कापूस किती निघंल ते मी सांगतो. दरसाली त्याच्या निम्माबी निघत न्हाई. फवारणीचा वास आला की परभणीचा दवाखाना आठवतो. केमोच्या तीन सलाईनींनंतर बायकोची कॅन्सरची गाठ हाताला लागंना, म्हणून मी डॉक्टरीणबाईला म्हणलं, "आळ्या मेल्यावर कोण फवारतं? आता बास." तिनं गाठीची सारी मापं कॉम्प्युटरात घालून गणितानं दोन रेघा काढल्या. डोस पुरे केले तर रेघ खाली बसत होती. आज थांबलं तर दिवाळीपर्यंत गाठ पहिल्याएवढी. तरीबी म्हणलं, "पुढच्या म्हयन्यात बघू." बायको बाही वर सारत म्हणली, "तुमी जाऊन एसटीत रुमाल टाका, जागा धरा. सलाईन मी लावून घेते."