सुलाबाईचे चार ठिपके

सुलाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हैदराबादच्या कॅन्सरच्या दवाखान्यात, किरणांचा शेक देणाऱ्या कोबाल्ट मशीनच्या खोलीपुढे उभी होती. बाकीच्या बायका बाकावर माना खाली घालून बसलेल्या. ही मात्र दाराची जाडी बोटांनी मापत होती.

"पोरी, येवढं जाड दार कामून गं? आत वाघ ठिवलाय का?"

बोलण्यावरून ओळखलं, आपल्याकडची. ती ताडकळसची, मी जिंतूरची. मशीन चालवायचं शिक्षण संपवून मी तिथे नुकतीच लागले होते. चौफेर तेलुगू नाहीतर दखनी, त्यात हे 'कामून' ऐकून बरं वाटलं.

"वाघच आहे मावशी, पण दिसत नाही."

"मग चावला तर कळंल कसं?"

चावणं हेच त्याचं काम, फक्त नेमून दिलेल्या जागी चावायचं, असं मी तिला सांगितलं. ते तिला पटलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तिचा नवरा लिंबाजी पूर्णेला रेल्वेत गँगमन होता. सुलाबाईच्या डाव्या स्तनात गाठ आली, ती तिने पुष्कळ दिवस पदराखाली ठेवली. शेवटी लिंबाजीने रेल्वेच्या डॉक्टरला दाखवलं आणि तिथून ती आमच्याकडे आली. ही १९७४ सालची गोष्ट. तेव्हा बहुतेक बायकांचा अख्खा स्तन आणि काखेतल्या गाठी काढत. मग उरल्यासुरल्या रोगासाठी छातीवर किरणांचा शेक. कुणाला गोळ्या, कुणाचं बीजकोशाचंही ऑपरेशन. सुलाबाईला ऑपरेशन आणि शेक, एवढंच सांगितलं होतं. पण ती वॉर्डातल्या प्रत्येक बाईला "तुझं काय केलं?" म्हणून विचारायची आणि मग माझ्याकडे यायची. "तिला गोळ्या हायत, मला न्हाईत. मी काय सावत्र हाय का?"

शेक सुरू होण्याआधी डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलं, डावा हात डोक्यावर घ्यायला लावला आणि ऑपरेशनच्या वणाभोवती जांभळ्या शाईने चौकोन आखला. रोजचे किरण त्या चौकोनातच पडायचे. रेघ सरकली तर एखादी पट्टी कोरडी राहणार आणि रोग तिथूनच परत डोकं काढणार. म्हणून त्या जागी पाणी लावायची बंदी. वॉर्डातली आया तर रोज दम द्यायची, "पानी नक्को लगाओ अम्मा. निशान गया तो सब गया!"

सुलाबाईने ते मनावर घेतलं. जरा जास्तच.

अर्धा शेक झाला तेव्हा कातडी लाल झाली होती. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती दिली. चौदा एप्रिल जवळ आला होता, तेव्हा ती खुशीत गाडीत बसून जयंतीला घरी गेली. परत आली ती वेळेवर. टेबलावर निजली, हात वर घेतला, पदर बाजूला केला. शाईची बाटली उघडून मी वाकले आणि तशीच थांबले.

जांभळी रेघ नव्हती. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार हिरवे ठिपके होते. गोंदलेले.

"आता बग," ती म्हणाली, "पुसून दाखव."

झालं होतं असं. आमच्या भागातला एप्रिल, त्यात मिरवणूक. घामाने रेघ विरघळायला लागली. छातीच्या मधल्या हाडाकडचे दोन कोपरे पुसट दिसत होते, पण काखेकडचे दोन पार गेले. सगळं परत पहिल्यापासून करतील, नाहीतर घरी हाकलतील, या धास्तीने तिला जेवण जाईना. मग ताडकळसच्या बाजारात तिला दगडाबाई गोंदणारीण दिसली. सुलाबाई तिला घेऊन एका मैत्रिणीच्या घरात आडोशाला बसली.

"ही कसली नक्षी बाई?" दगडाबाईने विचारलं. "ना फूल, ना नाव."

"मशीनची नक्षी हाय. तू टोच."

घरी लिंबाजीने पाहिलं. "धम्म घेतल्यावर गोंदण बंद म्हणून पोरींवर वरडणारी तूच न्हवं का?"

"ते देवाधर्माचं बंद हाय. हे डाक्टरी हाय."

हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, आणि ते संतापले. शेकाने आधीच भाजलेली कातडी, त्यात सुया. काखेकडचे दोन्ही ठिपके सुजून पिकले होते. "ये सूखे तक शेक बंद," ते म्हणाले.

सुलाबाई उठून बसली. "आन् लय दिस लागले तर? माझा झालेला अर्धा शेक वाया जाईल का?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "जास्त खंड पडला तर रोगाला वाव मिळतो," असं त्यांचं बोलणं मी मराठीत करून सांगितलं. तिने पदर ओढून घेतला आणि ती वॉर्डाकडे चालू लागली.

रोज सकाळी मी तिची जखम पुसायला जायची. मला एक कोडं सुटत नव्हतं. डॉक्टरांनी नोंदीतली मापं लावून पाहिली, तेव्हा हाडाकडचे ठिपके अचूक निघाले, काखेकडचे दोन मात्र दोन-दोन बोटं वर. दगडाबाईचा हात तर सराईत होता.

"मावशी, गोंदताना कशा बसला होता?"

"कशी म्हंजे? अशी. मांडी घालून."

"आणि हात?"

"मांडीवर. मीच बोट लावून दावलं ना, हितं हितं म्हणून."

"आता हात डोक्यावर घ्या."

तिने घेतला. काखेकडची कातडी हातासोबत वर ओढली गेली आणि ठिपकेही वर गेले. हाडाकडचे जागचे हलले नाहीत. मी तिला आरसा दिला. तिने हात खाली घेतला, वर घेतला, पुन्हा खाली घेतला.

"अगं बया! कातडं चालतंय की!" कितीतरी दिवसांनी ती हसली. "मग तुमी त्या दिशी हात वर का करायला लावला ते तवाच सांगायचं ना गं!"

आम्ही ते कुणालाच सांगत नव्हतो. तेव्हापासून मात्र मी प्रत्येक बाईला आरसा देऊन सांगू लागले.

उन्हाळ्याने एक बरं केलं, जखम लवकर सुकली. डॉक्टरांनी दोन खरे ठिपके आणि नोंदीतली मापं धरून नवा चौकोन आखला आणि उरलेला शेक पुरा झाला. जाताना तिने विचारलं, "पडलेल्या खंडाचं काय?" डॉक्टर म्हणाले, "ते तपासणीला येत राहाल तेव्हाच कळेल."

ती येत राहिली. कधी लिंबाजीबरोबर, कधी एकटीच. एकोणऐंशी साली आली तेव्हा डोक्यावर हुरड्याचं गाठोडं होतं, आणि ते डाव्या हाताने धरलेलं. तपासताना मी काही म्हणायच्या आत तिने हात डोक्यावर घेतला. ठिपके सरसर वर गेले.

डॉक्टरांनी वणाची, काखेची, गळ्याची जागा चाचपली. कुठेही गाठ नव्हती.

"ते दोन आजून चुकलेलेच का गं?" तिने मला विचारलं.

"हो मावशी. ते आता तसेच राहणार."

"ऱ्हाऊ दे," पदर सावरत ती म्हणाली. "मी हाय ना त्यायच्यासंगं."

आणि तिने हुरड्याचं गाठोडं सोडलं.