निळ्या घरातली तुळई

स्वराज्य नवं होतं तेव्हा आमच्या ठाण्याच्या कचेरीतले हेडक्लार्क मला रविवारी खाडीकाठच्या कोळीवाड्यात न्यायचे. होड्यांना लावून उरलेल्या रंगांनी रंगवलेली जुन्या घरांची रांग ते रस्त्यावरूनच दाखवत. आत कधी गेलात का, असं विचारलं की हातातली छत्री उघडत, मिटत आणि म्हणत, "छे, मी कशाला जातोय?"

एकदा निळ्या घरातल्या म्हातारीने आम्हाला पाणी प्यायला बोलावलं. आत जेमतेम माणूस दिसेल इतकाच उजेड होता. बोलता बोलता साहेब मध्येच वाकले आणि पुढे गेले. मागोमाग माझं कपाळ तुळईवर आपटलं.

"नव्या मानसाला लागतेच ती," म्हातारी म्हणाली.

मी गोंधळून साहेबांकडे बघितलं. त्यांनी घरातच छत्री उघडली होती.