टाच न टेकणारी नात

माझे थोरले दीर प्राण्यांच्या संग्रहालयात सांगाडे जोडायचे. निवृत्त झाले, तरी जीव पायांतच अडकलेला. घरी पाहुणा आला की आम्ही त्याला पाणी विचारतो, भाऊजी त्याची टाच बघतात. देवाने एकेका पायात किती डोकं चालवलंय, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. स्वतः मात्र ते देवाचं नाव ठेच लागली तरी घेत नाहीत.

"घोडा एका बोटाच्या नखावर चालतो, गाय दोन नखांवर. कुत्रा बोटांवर. त्याच्या मागच्या पायाचा उलटा गुडघा म्हणता ना, ती टाच असते, अधांतरी! अख्खा तळवा टेकणारे आपण आणि अस्वल." हे सगळं ते घरभर चालून दाखवत. मागे मागे लहानगी नात.

तीच नात टाच टेकेना, तेव्हा तिची आई, म्हणजे माझी पुतणी, हवालदिल झाली. कुणीतरी मनात भरवून दिलं, शिरा आखडल्या असतील, दोन्ही पायांना प्लास्टर घालतील. मी देवापुढे पदर पसरला. भाऊजी निवांत.

"मांजर जन्मभर अशीच चालते. घातलंय कुणी प्लास्टर?"

"बाबा, माझी मुलगी मांजर नाही हो!"

शेवटी सगळे दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोरीचं पाऊल हातात घेऊन वरखाली वाकवून पाहिलं. म्हणाल्या, "बाळा, दारापर्यंत चालून दाखव बरं."

"कोणतं? कुत्रा की घोडा?"

डॉक्टरीणबाईंनी पुतणीकडे पाहिलं, पुतणीने बापाकडे. भाऊजी छताचा पंखा न्याहाळू लागले.

"माणसासारखं चाल गं बाई," मी म्हटलं.

"ते आजोबांनी नाही शिकवलं."

"शिकवलंय की! अस्वल!" भाऊजींना राहवेना.

आणि पोर झुलत, टाचा आपटत दारापर्यंत जाऊन आली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

डॉक्टरीणबाईंनी औषध काही दिलं नाही. एवढंच विचारलं, "आजोबा घरीच असतात का?"

"दिवसभर!" पुतणी दातओठ खात म्हणाली.

तेव्हापासून भाऊजींना नातीसमोर चालायची बंदी आहे. काय सांगायचं ते खुर्चीत बसून. काल त्यांनी बसल्या बसल्या सापाची माहिती दिली. आज सकाळपासून पोर जमिनीवरून उठायला तयार नाही.