मुळांना हवा देणारे भाऊसाहेब

भाऊसाहेब माहुलकरांची आणि माझी पहिली भेट वरूडजवळच्या एका संत्र्याच्या बागेत झाली, तेव्हा ते चिखलात गुडघे टेकून बसले होते. साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कार्याविषयी जाणती मंडळी लिहितीलच. मला फक्त एक गोष्ट कबूल करायची आहे. इतकी वर्षे ती पोटात ठेवली, आता पचत नाही.

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरचा दुसरा उन्हाळा होता. सालदाराच्या घरातला मी शेतकी शाळा पास होऊन अमरावतीच्या कार्यालयात नुकताच लागलो होतो. आमच्या वस्तीतला पहिला सरकारी नोकर. अंगात थोडी ऐट होती, खोटे कशाला बोलू. गिरजाबाई नावाच्या विधवा बाईंची चाळीस झाडांची बाग माझ्या देखरेखीखाली आली. पाने पिवळी दिसताच मी सांगितले, दर चौथ्या दिवशी पाणी द्या. बाईंनी इमानाने मोट चालवली. पाने आणखी पिवळी पडली, तसे मी आणखी पाणी सांगितले. शेवटी झाडे शेंड्याकडून वाळू लागली. बाईंचा सारा संसार त्या बागेवर होता. इकडे गावात कुजबुज सुरू झाली की शिकलेल्याने झाडे मारली. उद्या आमच्यातल्या दुसऱ्या कोणाला बागेत पाऊल ठेवू देणार नाहीत, ही धास्ती मला लागली.

त्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात बदलून आलेले भाऊसाहेब तक्रार ऐकून थेट बागेत गेले. मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा ते खुरप्याने मूळ उकरून हुंगत होते. मूळ काळे पडले होते आणि त्याला कुजका वास येत होता.

"बाई, पाणी तं देल्लं तुमी, पण मुयाले हवा कवा देल्ली?" त्यांनी विचारले. "काळी जमीन हाये. पाणी साचलं का मुयाचा श्वास कोंडते."

"मंग इतकं पाणी द्याले सांगतलं कोनं?" बाई कडाडल्या. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "आमच्या हापिसानं. अन् हापिसात मोठा मी आहो. चूक माही."

मग त्यांनी पाणी बंद करवले, खोडाशी लावलेली माती दूर केली आणि पाणी निघून जायला उताराकडे चर खणायला घेतला. माझ्या हातात कुदळ देऊन एवढेच म्हणाले, "खोल घे." दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी खणत होतो. त्या दोन दिवसांत ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे मला वाटत राहिले. नऊ झाडे गेली. एकतीस जगली.

पुढे अकोल्यात त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षे काढली. साहेब तसे तापट आहेत. कोणी कुंडीचे भोक बुजवले किंवा रोप अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, की त्याची धडगत नसे. जठारपेठेतल्या त्यांच्या ओसरीवर आजही मोगऱ्याचा डबा उन्हामागे सरकत असतो. "झाडाले बोलता येत नाही, म्हणून आपन त्याले आपलीच तहान लावतो," असे म्हणत ते गिरजाबाईंच्या बागेची गोष्ट नव्या माणसाला हमखास सांगतात. माझे नाव मात्र त्या गोष्टीत कधीच येत नाही.

गिरजाबाईंच्या गावात भाऊसाहेबांना अजून 'पाणीवाले साहेब' म्हणतात. बाग बुडवणारा साहेब, या अर्थाने. ते हसून ओ देतात आणि मी शेजारी मुकाट उभा राहतो.

गिरजाबाई, हा ग्रंथ मी स्वतः आणून तुम्हाला वाचून दाखवणार आहे. पाणी मी सांगितले होते. साहेबांनी तुमची झाडे वाचवली, आणि त्याच दिवशी मलाही वाचवले.

भाऊसाहेब, तुमच्या वाट्याला भरपूर ऊन, मोकळी हवा आणि बेताचे सत्कार येवोत. तुम्ही पुष्कळ जगा, धडधाकट राहा. आणि यापुढे त्या गावात कोणी हाक मारली, तर ओ मी देईन.