दार लावून काम करणारा माणूस

आमच्या इस्पितळात त्याला सगळे घुम्या म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या मोठ्यानं की पाठीलाही ऐकू जावं. मीही एकदोनदा म्हटलंय. ते आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्या नावानं बोटं मोडणार आहे, त्यांच्या रांगेत मीही उभी होते.

शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, तपासायची, निर्जंतुक करायची आणि ट्रे लावायचे, हे आमच्या विभागाचं काम. मी तिथली प्रमुख. तो अकरा वर्षं माझ्या हाताखाली. मागच्या छोट्या खोलीत, दार लावून, तो धुतलेली हत्यारं तपासून ट्रे लावायचा. पोटाच्या ट्रेमध्ये बावन्न नग, हाडांच्या ट्रेमध्ये शहाण्णव. कात्रीची धार पातळ कापडावर बघायचा, चिमट्याचे दात भिंगाखाली. अकरा वर्षांत त्याच्या ट्रेबद्दल एक तक्रार आली नाही. एकसुद्धा नाही.

बोलणं मात्र सकाळी "हं" आणि निघताना "येतो". डबाही खोलीतच. लग्न नाही, मित्र नाहीत, आणि लोकांना जे मुळीच पचत नसे ते हे, की त्याला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. कौतुक केलं तरी चेहरा कोरा, झापलं तरी कोरा. माणूस शिष्ट आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांचं एकच पालुपद, "आपण सगळे एक कुटुंब!" घरात ज्याला कुणी विचारत नाही त्याला कचेरीत कुटुंब लागतं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. या गृहस्थांनी पहिल्याच महिन्यात आतल्या पार्टिशनच्या भिंती काढल्या. त्यात त्याची खोली गेली. एक वाजता सगळ्यांनी एकाच टेबलावर जेवायचं. वर प्रत्येकाला गुण, 'मिळून मिसळून वागणे' या रकान्यात, दहापैकी. त्याला मिळाला एक. त्या कागदाखाली माझी सही आहे. चांगली झोकदार, दोन रेघा ओढलेली.

भिंत गेल्यावर आठवड्यानं तो माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, दार हवं."

"साहेबांचा निर्णय आहे हो. थोडं जमवून घ्या ना."

"मी कागद दिलाय. ऑफिसात."

"बरं, बघते."

बघितलं नाही. कसला कागद, एवढंसुद्धा विचारलं नाही. ज्या माणसानं अकरा वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यानं एक दार मागितलं आणि मी "बरं, बघते" म्हणून पुढच्या रजिस्टरवर सही केली.

त्याच्या वाढदिवशी तर कहर झाला. तारीख व्यवस्थापकांनीच फायलीतून काढलेली. तीसेक माणसं धुण्याच्या यंत्रांमागे दबा धरून बसली आणि तो लावलेला ट्रे घेऊन निघाला तशी आरडाओरडा करत त्याच्यावर धावली. कुणी डोक्यावर कागदी टोपी चढवली, कुणी गालाला केक फासला, कुणी मोबाइल धरून "दोन शब्द बोला, दोन शब्द!" म्हणून मागे लागलं. तो थिजून उभा. क्रीमचा एक गोळा ट्रेमध्ये पडला होता. त्याची नजर तिथेच.

"ट्रे खराब झाला," तो म्हणाला.

सगळे खो खो हसले. त्यानं तोंड पुसलं, बावन्नच्या बावन्न नग पुन्हा धुतले, तपासले, लावले. मग पिशवी उचलून गेला. "येतो" म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी त्याची थोरली बहीण आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"लहानपणी आम्हीही हेच केलं," ती म्हणाली. "प्रत्येक लग्नाबारशाला दंडाला धरून न्यायचो. माणसांत राहिला की सुधारेल म्हणून. तो आजारी पडायचा. शेवटी मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा माझे डोळे उघडले. तुमच्या ऑफिसात डॉक्टरांचं पत्र दिलंय त्यानं. अडीच वर्षं झाली. तुम्ही वाचलं नाहीत?"

तिनं त्याच्या हातची चिठ्ठी पुढे केली. 'मॅडमना पत्र वाचू द्यावे. साहेबांना दाखवले तरी चालेल.'

मी तशीच ऑफिसात गेले. कारकुनानं फाईल काढली. लिफाफा होता. चिकटवलेला, जसाच्या तसा.

"वर गोपनीय लिहिलंय ना," कारकून म्हणाला, "म्हणून उघडला नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच उभ्यानं पत्र वाचलं. स्किझॉइड व्यक्तिमत्त्व विकार, असं नाव होतं. म्हणजे जवळीक नको असणं, एकटं राहण्यातच स्वस्थ वाटणं, भावना चेहऱ्यावर न उमटणं. खाली त्याला काय लागतं ते: शांत जागा, सूचना लेखी, बोलायला एकच ठरलेला माणूस, समारंभांची सक्ती नको. चार ओळी! यासाठी ना यंत्र लागत होतं ना नवी इमारत.

पत्र घेऊन व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी नाव वाचलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"स्किझो? म्हणजे वेडच ना? आणि कात्र्या, सुऱ्या त्याच्या हातात?"

"स्किझोफ्रेनिया वेगळा, हे वेगळं, साहेब. आणि अकरा वर्षं त्या सुऱ्या त्याच्याच हातात आहेत. केक तुमच्या हातात होता."

"तुम्ही फार चढ्या आवाजात बोलताय."

"अजून चढायचाय."

माझ्या सहीचा तो गुणांचा कागद मी लेखी मागे घेतला. त्यानं काही हललं नाही. पत्रानंही नाही, बहिणीच्या फेऱ्यांनीही नाही. हललं कशानं? त्याच्याविना नऊ दिवसांत दोन शस्त्रक्रिया खोळंबल्या; एकदा ट्रेमध्ये रक्तवाहिनी दाबून धरायचा क्लॅम्प कमी, एकदा कात्री बोथट. मोठे सर्जन तणतणत खाली आले आणि त्याच दुपारी सुताराला बोलावणं गेलं. म्हणजे दार परत बसलं ते ट्रेसाठी, माणसासाठी नाही. याचा राग मला आजही गिळता येत नाही.

तो परत आला. सूचना आता दारावरच्या पेटीत चिठ्ठीनं जातात, बोलायचं ते फक्त मी, जेवण त्याचं तो. महिन्याभरानं व्यवस्थापक छायाचित्रकाराला घेऊन हजर! 'आमचं संवेदनशील इस्पितळ' असा फलक करायचा होता, मधोमध त्याचा फोटो. मी दारासमोर आडवी उभी राहिले.

"आधी चिठ्ठी टाका," म्हटलं. "तो लेखी उत्तर देईल."

उत्तर आलं, 'नको.' छायाचित्रकारालाच हसू फुटलं.

त्या आठवड्यात मीही पेटीत चिठ्ठी टाकली. सही केल्याबद्दल, न विचारल्याबद्दल, केकच्या वेळी कोपऱ्यात उभं राहून हसल्याबद्दल. होय, मीही हसले होते. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिली. संध्याकाळी तीच चिठ्ठी परत आली, खाली त्याच्या बारीक अक्षरात दोन ओळी.

'वाचलं. हाडांच्या ट्रेमधल्या मोठ्या चिमट्याचा दात झिजलाय, बदलून हवा.'

मला आणखी काहीतरी हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती हौस माझी होती, त्याची नव्हे. मी भांडारात गेले आणि घडी घातलेला अर्ज पुढे करून नवा चिमटा मागितला. भांडारवाला म्हणाला, "अर्ज ठेवून जा, बघतो."

"बघतो नाही," मी म्हटलं, "माझ्यासमोर उघड आणि वाच."