पाच डब्यांचे दिवे

आमच्या घरात मारामारीलाही नियम होता. वडील मानवतला कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होते. आम्हा दोघा भावांपैकी एकानं दुसऱ्याचं काही मोडलं, की ते आम्हाला समोरासमोर उभं करत आणि म्हणत, "हां, फेड आता." ज्याची वस्तू मोडली त्यानं मोडणाऱ्याच्या थोबाडीत मारायची, वडिलांचं समाधान होईपर्यंत. हात हळू पडला, तर मशिनच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा मारणाऱ्याच्याच पाठीवर बसायचा. त्यामुळे दादाला जीव खाऊन मारायला मी फार लवकर शिकलो. एकदा त्याचा दात माझ्या बोटात रुतला होता. वण अजून आहे. पण एकदा फेड झाली की विषय संपायचा. संध्याकाळी आम्ही एकाच ताटात जेवायचो.

वडील गेले, मागोमाग आई गेली. मी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. वडिलांचा संताप मात्र सगळा माझ्या वाट्याला आला, दादाकडे त्यातलं काहीच गेलं नाही. आमचं येणं-जाणं कमी होत होत एकाच गोष्टीवर येऊन थांबलं. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या थोरला म्हणून दादाच्या घरी बसायच्या आणि त्यांच्यापुढची आरास मी करायचो. ते तीन दिवस नसते, तर मला भाऊ आहे हे सांगायलाही काही उरलं नसतं.

दोन वर्षांमागे पूर्णेच्या एका निवृत्त गार्डानं मला त्याची छोटी रेल्वेगाडी दिली. वीतभर लांबीचे पाच डबे, खिडक्या खऱ्यासारख्या, आत दिवे. वीज रुळांतून चाकांत येते आणि चाकांतून दिव्यांत. मी ती आराशीत मांडली आणि पहिल्याच वर्षी दिवे मिचकायला लागले. भरल्या घरात दादा म्हणाला, "एवढ्याल्या मोटारी भरतोस, आन् पाच डब्यांत उजेड टिकंना व्हय रं?" सोयरे पोट धरून हसले. मी वर्षभर ते हसणं चावत बसलो.

गेल्या साली अख्खा श्रावण त्या डब्यांवर घातला. चाकं स्पिरिटनं पुसली. प्रत्येक आसाला पितळेची पातळ पत्ती टेकवली, म्हणजे गाडी हलली तरी वीज तुटायला नको. केसासारख्या वायरी नव्यानं सोल्डर केल्या. दुकानातल्या टेबलावर गाडी चार दिवस फिरवली. एकही दिवा मिचकला नाही.

दादाच्या घरी पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी, नैवेद्याच्या वेळी, घर माणसांनी भरलं आणि दिवे फडफडायला लागले. मी गाडी उचलली, चाकं पुसली, पुन्हा सोडली. दोन फेऱ्या झाल्या आणि पुन्हा तेच. डब्यातली एखादी वायर सुटली असेल म्हणून सोल्डर मारायची विजेची कांडी तापवली. तेवढ्यात दादा आला. तो सकाळपासून समयांत तेल घालत होता, हात कोपरापर्यंत ओशट.

"यंदाबी डोळे मारायलीय का तुझी गाडी?"

"तूच रुळाला तेल लावलंस."

"येडा झालास का? मला काय करायचंय तुझ्या गाडीचं?"

तो डबा बघायला वाकला. तो डबा फेकणार असंच मला वाटलं. मी तापलेली कांडी त्याच्या मनगटावर दाबली. चर्र झालं. कातडी कांडीला चिकटली आणि ओढताना सोलून आली. वहिनी किंचाळली. मी थांबलो नाही. त्याची मान धरून तोंड आराशीवर आपटलं, एकदा, दोनदा. डबे त्याच्या गालाखाली फुटले. त्यानं हात उचलला नाही, म्हणून मला आणखी चेव चढला. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा महालक्ष्म्यांचे मुखवटे हलले आणि दोघा पाहुण्यांनी मला मागं ओढलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि गालावर रुळांच्या दोन सरळ रेघा उठल्या होत्या. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

त्याला दवाखान्यात नेलं. मी रिकाम्या घरात पुरावा शोधायला बसलो. उरलेल्या एका डब्याची चाकं कापसानं पुसली. कापूस पिवळा झाला, मग लाल. तेल कुठंच नव्हतं. रूळ पाहिले. जोडाजोडांवर हळद-कुंकवाची वाळलेली पुटं होती, त्यांच्यामुळेच चाकांना वीज लागत नव्हती.

दुकानात रोज सकाळी मशिनला ओलं हळद-कुंकू लावल्याशिवाय मी बटण दाबत नाही. इथंही देवीपुढे दर वेळी गाडी सोडायच्या आधी माझी अनामिका वाटीत जाऊन रुळाला टेकत होती. टेबलावर नुसती चाचणी होती, तिथं कुंकू नव्हतं. मी बोटाकडे पाहिलं. पेरापर्यंत लाल होतं.

तिसऱ्या दिवशी मुखवटे हलवायच्या आधी मी दादासमोर उभा राहिलो. त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती, नाक सुजलं होतं.

"दादा, कुंकू म्याच लावत होतो रुळाला. तुझा काई दोष न्हाई."

"बरं. पुढल्या साली तुझ्या महालक्ष्म्या तुझ्या घरी बसव."

"असं नको करू. फेड. पायजे तेवढं मार, पण हे नको."

मी गाल पुढे केला. त्यानं डावा हात उचलला. जुन्या सवयीनं माझे डोळे मिटले, दात आवळले गेले. मी वाट पाहत राहिलो. डोळे उघडले तेव्हा हात खाली होता.

"न्हाई मारणार," दादा म्हणाला. "मारलं की फिटतं. तुझं फिटू द्यायचं न्हाई मला."