आधी पातं दाखव

"आधी पातं दाखव," म्हणून जेठू हात पुढे करायचे. गिऱ्हाईक कोणीही असो. हातात पातं पडेपर्यंत ते पाठीमागे टांगलेल्या पट्ट्यांकडे वळूनही बघायचे नाहीत. आणलं नसेल तर म्हणायचे, "मग चहा पी आणि घरी जा."

सियालदह स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. चाकू घासायच्या मशीनवर चढवतात ते खरखरीत पट्टे, एवढाच माल. बंगालीत वडिलांच्या थोरल्या भावाला जेठू म्हणतात, आणि ते सगळ्या गल्लीचेच जेठू होते. आमचं बोलणं निम्मं हिंदीत, निम्मं बंगालीत. इथं मराठीत सांगतो, कारण माझं बंगाली ऐकवलं तर तुम्हीही चहा पिऊन घरी जाल.

मी मूळचा ड्रायव्हर. शाळेचं आणि माझं तिसरीतच फाटलं. बँकेतल्या एका मराठी साहेबांबरोबर कोलकात्याला आलो. साहेबांची बदली झाली, ते गेले. मी राहिलो, कारण बालीगंजच्या मराठी घरांत बायकोच्या पोळ्यांना मागणी होती. मला कुठूनच नव्हती. मग मोबाईलवर बघून बघून चाकू करायला लागलो. डमडमला घरामागे पत्र्याची शेड, तिच्यात एक मशीन.

जेठूंच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तो ऐटीत. म्हणलं, "लोखंड जाड आहे. सगळ्यात मोठ्या नंबरचा पट्टा द्या. चारशे."

जेठूंनी माझं पातं उलटसुलट केलं. "चारशेने घासणार? नातवाच्या लग्नापर्यंत होईल बहुतेक."

"मोठा नंबर म्हणजे ताकद जास्त ना?"

"आधी काय करायचास?"

"गाडी चालवायचो."

"भरलेली गाडी चढावर कितव्या गिअरला घालतोस?"

"पहिल्या."

"हा चढ आहे, बाबा. नंबर लहान तेवढा पट्टा खरखरीत. छत्तीस नंबर घे. पातळ झालं की ऐंशी, मग एकशेवीस. चारशे शेवटी, मोकळ्या रस्त्याला."

वीस वर्षं गाडी चालवली, पण गिअर मला त्या दिवशी कळला.

पंधरा दिवसांनी परत गेलो तो भांडायला. त्यांनी दिलेला पट्टा जोडावर तुटून फटकन माझ्या गालावर बसला होता. आवाज ऐकून बायको धावत शेडमध्ये आली. माझा गाल बघून म्हणाली, "कोण आलं होतं?"

जेठूंनी तुटका पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला बाण होता. "हा कशाला असतो?"

"खुंटीला कुठल्या बाजूने टांगायचा, ते कळायला."

जेठूंनी चष्मा काढला. शेजारच्या तीन दुकानदारांना हाका मारल्या आणि म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. त्या गल्लीत माझी ओळख अशी झाली. बाण म्हणजे पट्टा कुठल्या दिशेने फिरवायचा ते, हे मला हसून झाल्यावर सांगण्यात आलं.

मग बालीगंजच्या एका केटररने दहा चाकू सांगितले. माझी पहिली मोठी ऑर्डर. बायको म्हणाली, "अहो, हे दहा नीट गेले तर खुशाल चाकू करा. नाही गेले तर मुकाट गाडीवर जायचं. मी आता शेडकडे बघून बघून दमले."

सात चाकू झकास झाले. तोवर पट्टा पार गुळगुळीत झालेला. पण आमच्या घरात पेस्टची ट्यूबसुद्धा कापून आतून पुसतात. पट्टा बदलतो कोण? जोर लावून दाबला. आठव्याची धार निळी पडली, नवव्याची पडली, दहाव्याची पडली. धार निळी पडली म्हणजे लोखंडाला दिलेलं पाणी गेलं, पातं मऊ झालं, एवढं मला कळत होतं. मी चारशेच्या पट्ट्याने निळं पुसून काढलं. दहाही सारखे चमकायला लागले. केटररला द्यायच्या आधी जेठूंकडून शाबासकी घ्यावी म्हणून पिशवी भरून सियालदहला गेलो. एवढा शहाणा मीच.

जेठूंनी एकेका धारेवर कानस फिरवली. सात वेळा कानस सरकन घसरली. तीन वेळा चावली, म्हणजे तिथं लोखंड मऊ.

"ही निळी झाली होती?"

"छे हो."

"बरं. पट्टा कुठला वापरलास?"

"तुमचाच ऐंशी नंबर. छान आहे. अजून चार महिने जाईल."

जेठूंनी चष्मा काढला. मला वाटलं आता शेजारच्यांना हाका मारतील. त्यांनी हाक मारली नाही. हळूच म्हणाले, "ही तीन पोळीसुद्धा कापणार नाहीत. हे देणार होतास?"

मी मान हलवून कबूल केलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक.

त्यांनी एक नवा पट्टा काढला, भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्याबरोबर लोकलने डमडमला आले. गुडघे धरत शेडमध्ये स्टुलावर बसले. "मऊ झालंय तेवढं घासून काढायचं. दाबू नको. मेलेला पट्टा दाबलास तर तो कापत नाही, नुसता तापतो. घास, पाण्यात बुडव. घास, बुडव." संध्याकाळपर्यंत त्यांचं तेवढंच चालू होतं. बायकोने त्यांना गरम पोळी आणि तूप-गूळ दिला. तोंड भरलेलं असतानाही ते बोट बादलीकडे दाखवत होते.

तीन चाकू बाकीच्यांपेक्षा नखभर अरुंद झाले, पण कानस त्यांच्यावरून घसरली. केटररने विचारलं, "हे तीन बारीक का?" मी नवी फॅशन म्हणून सांगणार होतो. पण जेठूंचा त्या दुपारचा चेहरा आठवला, खरं सांगून टाकलं. तो जरा वेळ हसला आणि म्हणाला, "मासे साफ करायला हेच बरे. असे अजून सहा कर." म्हणजे माझी चूकच जास्त खपली. बायकोने शेडकडे बघणं सोडून दिलं.

पुढे जेठूंच्या गुडघ्यांनी अगदीच संप केला. दुकान विकून ते सिलीगुडीला लेकीकडे निघाले, तेव्हा मी त्यांना सियालदहला सोडायला गेलो. त्यांना जागेवर बसवलं, सामान वर टाकलं, पाण्याची बाटली भरून आणली. समोरच्या प्रवाशाने विचारलं, "मुलगा का?"

"ना," जेठू म्हणाले, "ओ छुरी बानाय." हा चाकू करतो.

एवढंच. पण मी असा काही फुगलो की गाडी हलली तेव्हा डब्यातून उडी मारून उतरलो आणि प्लॅटफॉर्मवर हात हलवत उभा राहिलो. शेवटचा डबा पुढे गेला तेव्हा बघतो तर काय, मी ज्या हाताने टाटा करत होतो, त्यात त्यांची भरलेली बाटली.